सात नंबरचा फीडर

सात नंबरच्या फीडरवरचं माझं स्टिकर कोणीतरी काढून टाकलं होतं. एकेका मशीनला वीज देणारे असे बारा फीडर, बाकी अकरांवरची स्टिकरं जागच्या जागी होती. हिरवी, दोन बोटं रुंद, त्यावर तारीख, ‘रिले तपासला, ठीक’ एवढे तीन शब्द आणि खाली माझी सही, नी. ढो. सोमवारी दुपारी मी स्वतः बारा लावली आणि मंगळवारी सकाळी अकराच उरली. पॅनेलच्या दारावर डिंकाचा चौकोन उरला होता आणि त्याच्या एका कोपऱ्यात नखाचा ओरखडा. मटरच्या कारखान्यात हवेत कायम वाफ असते, स्टिकरं सुटून येतात, हे मला कोणी सांगायला नको. पण सुटलेलं स्टिकर खाली पडतं. मी टॉर्च घेऊन गुडघे टेकले, पॅनेलखाली पाहिलं, केबलच्या चरात पाहिलं, कचऱ्याच्या डब्यातसुद्धा हात घातला. नव्हतं. म्हणजे ज्याने काढलं त्याने ते खिशात घालून नेलं. झाडूवाल्याला सात नंबरचं काय पडलंय? जीएम साहेबांना पॅनेलरूम कुठे आहे हे विचारावं लागतं. मार्चमध्ये मी रिटायर होणार, आणि निघताना माणसाच्या माथ्यावर काहीतरी चिकटवून पाठवायची इथे रीत आहे. माझ्याआधीच्या स्टोअरकीपरला तशीच पाठवणी मिळाली होती. तेव्हा मी हसलो होतो. माझ्या हत्यारांच्या कपाटाचं कुलूप मी दोनदा ओढून पाहिलं आणि कोणालाही काही न बोलता चहाला गेलो.

चहाच्या टपरीवर समिधा होती. नोव्हेंबरात रुजू झालेली इंजिनियर, वय सव्वीस, घर आमच्याच चेरीताल मोहल्ल्यात, दोन गल्ल्या सोडून. मला काका म्हणते. तिचे आजोबा अमरावतीकडून रेल्वेत आले, त्यामुळे घरात मराठी. पण हिची मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीच्या गाडीत चढते. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं होतं. मग ती जुने कागद मागू लागली. हा फीडर कधीचा, ही केबल कोणी ओढली, सीटी कोणत्या कंपनीची. मी उत्तरं देत होतो आणि मनात म्हणत होतो, पोरी, तुला काय शोधायचंय? गेल्या आठवड्यात तर तिने पोह्यांची प्लेट माझ्याकडे सरकवत विचारलं, “काका, तुम्ही रिले टेस्ट करता ना, तो सिर्फ रिले का पूरा सिस्टम?” मी म्हणालो, रिले पडला म्हणजे सिस्टम ठीक. ती ‘अच्छा’ म्हणाली. त्या ‘अच्छा’चा सूर मला चार दिवस ऐकू येत राहिला. आजही तिने बाकावर जागा करून दिली, “बसा ना काका” म्हणाली, आणि मी तिच्या नखांकडे पाहिलं. आखूड कापलेली, स्वच्छ. डिंक कुठे दिसला नाही. धुतला असेल.

ती जे विचारत होती ते मला शिकवण्यासारखं होतं असं नाही. प्रत्येक फीडरला एक सीटी असते, करंट ट्रान्सफॉर्मर. दिसायला बांगडीसारखं जाडजूड कडं. मोटरला जाणारे तिन्ही फेज त्याच्या पोटातून जातात. तिघांमध्ये जाणारा आणि येणारा करंट मिळून बेरीज शून्य, म्हणून कडं गप्प बसतं. कुठे मोटरचं इन्शुलेशन फाटलं, थोडासा करंट जमिनीकडे पळाला, की बेरीज शून्य राहत नाही. कड्याला ते कळतं, ते रिलेला कळवतं, रिले ब्रेकर पाडतो आणि वीज बंद होते. ओल्या फरशीवर दिवसभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसांचा जीव त्या कड्यावर असतो. मला हे यंत्र पहिल्यापासून आवडलं, कारण ते माझ्यासारखंच संशयी आहे. गेलेलं सगळं परत आलं का, एवढंच ते जन्मभर बघत बसतं. माझी तपासायची पद्धत ठरलेली: रिलेच्या मागच्या दोन टोकांना माझ्या पेटीतून करंट द्यायचा, रिले खटकन पडला की स्टिकर लावायचं. गोहलपुरात वाइंडिंगच्या दुकानात होतो तेव्हापासून असंच. त्यात कधी चूक निघाली नाही. निघाली असती तर मला कळलं असतं, असं मी धरून चाललो होतो.

घरी क्षमाने ताट वाढलं आणि मी भात नुसता चिवडत बसलो. ती म्हणाली, “काहून जेवून नाही राहिले? भाजी बिघडली का?” मी स्टिकरचं सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि वरण वाढत म्हणाली, “तुम्हाले सगळ्यांवरच शक येते. दूधवाल्यावर आला, माझ्या भावावर आला, वेदांगच्या सासऱ्यावर आला. एखाद्या दिवशी सोतावर घेऊन पाहा, चेंज होईल.” वेदांग आमचा मुलगा, पुण्यात असतो, त्याच्या लग्नात मी सासऱ्याला हॉलच्या बिलाबद्दल काहीतरी बोललो होतो, ते हिने अजून जपून ठेवलंय. मी चिडलो. माझ्या संशयावर हे घर चाललं आहे, असं मी म्हणालो. गॅसची नळी मी हुंगतो म्हणून फाटलेली सापडली, मीटर मी बघतो म्हणून शेजाऱ्याची चोरी पकडली. “हो, अन् समोरच्या प्रणोतीताईनं तेव्हापासून हळदीकुंकवाले बोलावणं बंद केलं,” ती म्हणाली. हे खरं होतं. ताटावरून उठताना मला एकदम सुचलं की प्रश्न कोणी काढलं हा नाहीच. बारांतलं सात नंबरचंच का काढलं, हा आहे. आणि हा प्रश्न मी दिवसभर बाजूला ठेवत आलो होतो, हेही मला तेव्हाच कळलं. अर्धं ताट तसंच राहिलं होतं. क्षमाला म्हणालो, ॲसिडिटी.

सात नंबर म्हणजे वॉशर. शेतातून आलेला मटर ज्यात धुतला जातो ते मशीन. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत त्या मशीनला चिकटून शालिग्राम नावाचा माणूस मेला. मी जिन्यावर होतो. आधी बायकांचा ओरडा ऐकला, मग कोणीतरी मेन पाडली आणि सगळा कारखाना एकदम शांत झाला. तो पाण्यात आडवा होता, एक गमबूट पायात, एक बाहेर, आणि अंगाखाली हिरवे दाणे. मला त्याचा चेहरा आठवत नाही. तो गमबूट आठवतो, टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. त्याच दिवशी संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून अहवाल लिहायला लावला. मी आधी जाऊन रिले तपासला. पेटीतून करंट दिला, खटकन पडला. रिले ठीक. म्हणजे दोष रिलेचा नाही, म्हणजे मोटरमधून गळती झाली असती तर ब्रेकर पडलाच असता, म्हणजे माणसाला लागलेला करंट दुसरीकडून आला. मशीनमागे एक जळका एक्स्टेन्शन बोर्ड सापडला होता. थंडीत हात शेकायला लोक चोरून हीटर लावतात, हे सगळ्यांना माहीत. मी लिहिलं: मयताने विनापरवानगी लावलेल्या हीटरमुळे अपघात, संरक्षण यंत्रणा ठीक. बोर्ड लावलेला होता का नुसता पडलेला होता, हे कोणी पाहिलं नव्हतं. मीही नाही. मोटर बदलली, तिचं वाइंडिंग जळालंय हेही दिसलं, ते पाणी शिरून मागाहून जळालं असेल असं आम्ही ठरवून टाकलं. खोटं लिहितोय असं मला एक क्षणही वाटलं नाही. उलट वाटलं की एवढ्या गोंधळात मी एकटा डोकं ठिकाणावर ठेवून विचार करतोय. साहेबांनी पाठ थोपटली होती, तीही मला आवडली होती.

बुधवारी सकाळी आत जाताना निवडणीच्या टेबलावरून नर्मदा म्हणाली, “राम राम बाबूजी.” ती शालिग्रामची बायको. तो गेल्यावर तिला इथे निवडणीवर घेतलं, सिहोऱ्याहून बसने येते. तीन वर्षं रोज हा राम राम मी घेतो आणि रोज मला तो जरा जास्त वाटतो. एवढ्या बायका बसलेल्या असतात, ही एकटीच काहून मान वर करते? कधी वाटतं, उपकार मानते नोकरीचे. कधी वाटतं, मला रोज एकदा आठवण करून देते. एकदा, पहिल्याच वर्षी, ती जिन्याशी थांबून म्हणाली होती, “बाबूजी, हमारे घर में तो हीटर था ही नहीं, वो लाए कहाँ से?” मी म्हणालो होतो, आणतात कुठून कुठून. ती मान हलवून गेली. आज मात्र तिच्या शेजारी समिधा उभी होती, हातात वही, दोघी काहीतरी बोलत होत्या आणि मी दिसताच थांबल्या. थांबल्याच, मला भास झाला नाही. माझ्या कानशिलावर ऊन ठेवल्यासारखं झालं. म्हणजे असं आहे तर. इंजिनियर पोरगी विधवेला हाताशी धरून म्हाताऱ्याला लोळवणार, मार्चच्या आत. स्टिकर पुरावा म्हणून नेलं असणार, तारखेसकट, सहीसकट. मी पॅनेलरूममध्ये गेलो, दार लावलं, आणि सात नंबरसमोर जाऊन उभा राहिलो.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. लाइन थांबलेली, बायका डबे उघडून बाहेर उन्हात. समिधा वॉशरजवळच उकिडवी बसली होती. मी सरळ विचारलं, “स्टिकर तू काढलं?” वाटलं होतं ती नाही म्हणेल, मग मी तिला धरीन. ती म्हणाली, “हो काका. मी सांगणारच होती. दोन दिवस झाले हिम्मत करून राहिली.” मग उठली, रबरी मॅट अंथरली, मशीनला कोणी हात लावू नये म्हणून दोरी बांधली आणि म्हणाली, “तुम्ही स्वतः बघा. मेरी बात मत मानो.” मोटर बंद, पण मोटरजवळच्या स्विचपर्यंत फीडर चालू. तिथून एका फेजची वायर तिने दोनशे वॅटच्या बल्बला दिली आणि बल्बची दुसरी वायर मोटरच्या बॉडीला लावली. म्हणजे मुद्दाम गळती केली. रिलेच्या सेटिंगच्या जवळजवळ तिप्पट करंट जमिनीला जात होता. डोळा मिटायच्या आत सात नंबर पडायला हवा होता. बल्ब लागला. पिवळा, भरदुपारी, आणि लागलेलाच राहिला. मी पॅनेलरूमच्या दाराकडे कान लावून खटक्याची वाट पाहत होतो. दहा सेकंद, वीस, मिनिट. ती माझ्याकडे नाही, बल्बकडे पाहत होती. शेवटी मीच म्हणालो, “बंद कर.”

“कोणीतरी छेडलंय,” मी म्हणालो. जिभेवर तयारच होतं. “मी लावलं तेव्हा असं नव्हतं. कोणीतरी काहीतरी काढलंय खालून.” ती म्हणाली, “हो काका, काढलंय,” आणि टॉर्च माझ्या हातात दिली. आम्ही सात नंबर बंद करून, कुलूप घालून, चराचं झाकण उचललं. या एकाच फीडरचं कडं पॅनेलच्या आत न मावल्यामुळे खाली बसवलेलं आहे, अख्ख्या केबलभोवती. केबलला बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत असतं, तेच या मोटरचं अर्थिंग; मशीन रबरी पायांवर आहे, अर्थिंगची दुसरी पट्टी नाही. म्हणजे गळालेला करंट चिलखतातून परत त्याच कड्याच्या पोटातून वर यायचा. गेला तेवढा आला, बेरीज शून्य, कडं गप्प. म्हणून चिलखताची अर्थिंगची वायर वरून पुन्हा खाली, कड्यातून उलटी काढून मगच पॅनेलमधल्या अर्थिंगच्या पट्टीला लावायची असते; मग परत आलेला करंट खोडला जातो आणि गळती उघडी पडते. इथे ती वायर कड्यातून काढलेलीच नव्हती. वरच्या वर पट्टीला जोडलेली होती, आखूड, सरळ, एकही बाक नाही. शेवटावर काळ्या टेपचे दोन वेढे, त्यावर हिरवा एक. असे वेढे या कारखान्यात, या शहरात, एकच माणूस घालतो.

ते वेढे पाहिल्याबरोबर सगळं आलं. आठ वर्षांपूर्वी पॅनेल बसवायला भोपाळहून एक फिटर आला होता, अबोल, पान खाणारा. त्याने ती वायर कड्यातून उलटी घातली होती, मी पाहिलं होतं, आणि मला हसू आलं होतं. तरुणपणी ज्या उस्तादाच्या हाताखाली मी शिकलो त्याने पट्टीने बोटांवर मारून एकच गोष्ट शिकवली होती: अर्थिंगची वायर आखूड आणि सरळ, मुरडायची नाही, फिरवायची नाही. मी सगळ्यांदेखत फिटरला म्हणालो, “भैया, नाप के काटना नहीं सिखाया किसी ने?” तो म्हणाला, “साहब, ये ऐसे ही जाती है.” मी म्हणालो, हमें मत सिखाओ. तो खांदे उडवून पान थुंकायला गेला, आणि मी स्वतः वायर बाहेर ओढली, वीतभर कापली, सरळ जोडली, टेपचे वेढे घातले. काम सुबक झालं होतं. मी दोन पावलं मागे होऊन ते पाहिलंही होतं. तेव्हापासून हा फीडर आंधळा होता. मी दर सहा महिन्यांनी कडं वगळून थेट रिलेला करंट द्यायचो, रिले पडायचा, मी स्टिकर लावायचो. त्या जानेवारीत मोटरचं वाइंडिंग फाटलं, चिलखत गंजलेलं, म्हणून करंट ब्रेकर पडेल इतका नव्हता. माणूस मरेल इतका होता. किती वेळ ती मोटर तशी जिवंत वाट पाहत उभी असेल, कोण जाणे. मग शालिग्रामने हात टेकला. हीटर नव्हताच. हे मला आता माहीत होतं, जसं स्वतःचं नाव माहीत असतं. मी चराच्या कडेला बसलो. लाज वाटली, नंतर भीती वाटली, आणि मधे एक क्षण, खोटं कशाला बोलू, या पोरीचा भयंकर राग आला.

समिधा शेजारी बसली. म्हणाली, “काका, मी आज ही वायर परत कड्यातून घेते. दहा मिनिटांचं काम आहे. रिपोर्टमध्ये ‘सुधारणा केली’ एवढंच टाकते. पुरानी बात कोणाला कशाला?” मी तिच्याकडे पाहिलं. ही माझ्यावर दया करते आहे का मला कायमचं मुठीत घेते आहे? उद्या मार्चनंतर मला पेन्शनच्या कागदासाठी हिच्या दारात यावं लागलं तर? सकाळी नर्मदेशी काय बोलत होती? मी विचारलं. ती गोंधळली. “तिच्या टेबलाचा लाइट फडफडतो, ते सांगत होती.” एवढंच होतं. मी हसलो असेन, कारण ती घाबरली आणि पाणी आणू का म्हणाली. मला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता आणि जमत नव्हतं. इतकी वर्षं तोच एक अवयव वापरला नव्हता. एवढं मात्र स्पष्ट दिसत होतं की मी गप्प राहिलो तर ती गप्प राहील, आणि शालिग्राम हीटर चोरून मेलेला राहील.

सुट्टी संपत होती. बायका आत येऊन हातमोजे चढवत होत्या. मी नर्मदेच्या टेबलाशी गेलो. तिने मान वर केली, राम राम म्हणायच्या आधीच मी म्हणालो, “नर्मदाबाई, उस दिन हीटर नहीं था. मशीन में करंट था. जिस चीज़ से लाइट बंद होनी थी, वो मेरे हाथ से गलत लगी थी. शालिग्राम की कोई गलती नहीं थी.” टेबलावरचे हात थांबले. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, तोंडावर मारेल. त्या सगळ्याची मी तयारी करून आलो होतो. तिने हातमोजा काढला. “हमसे काहे बोल रहे हो,” ती म्हणाली. “हमको तो मालूम था. हमारी दीपा से पूछो. कॉलेज में है. बाप का फोटो नहीं टाँगने देती. कहती है, चोरी करते मरे, कागज में लिखा है.” मी म्हणालो, मी येतो सिहोऱ्याला, मी सांगतो तिला. तिने मान हलवली. “बोलने से नहीं मानेगी. उस दिन आपने बोला नहीं था बाबूजी, लिखा था. लिख के दो.”

समिधा मागे येऊन उभी होती. तिने वहीतलं एक पान फाडून टेबलावर ठेवलं आणि पेन दिलं. लाइन सुरू झाली होती, पट्ट्यावरून दाणे येत होते आणि कोणी निवडत नव्हतं. सुपरवायझर लांबून हाका मारत होता. मी उभ्याउभ्या हिंदीत लिहिलं, आजवर जितके कागद लिहिले त्या सगळ्यांहून हळू. तारीख. फीडरचा नंबर. वायर मी कशी कापली ते. पूर्वीचा अहवाल चूक होता, तो मीच लिहिला होता, ते. कोणत्याही हीटरचा पुरावा नव्हता, ते. खाली सही केली, नी. ढो. नाही, नीलकंठ ढोमणे, पूर्ण. तिला वाचता येत नसावं असं समजून मी वाचून दाखवू लागलो, तर तिने कागद हातातून घेतला आणि स्वतःच ओठ हलवत, ओळीवर बोट ठेवून वाचला. एका जागी बोट थांबलं. “यहाँ सिर्फ शालिग्राम लिखा है,” ती म्हणाली. “शालिग्राम तो सिहोरा में दस हैं. पूरा नाम लिखो.” तिने कागद माझ्यासमोर ठेवला. मी पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. पाच वर्षं तो माझ्या मशीनवर होता. त्याच्या मरणावर मी दीड पान लिहिलं होतं, आणि त्यातही फक्त शालिग्राम, लेबर, एवढंच. बायका माझ्या हाताकडे पाहत होत्या. नर्मदेला कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती जरा पुढे वाकली आणि शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सावकाश सांगू लागली, “झारिया. शालिग्राम झारिया. वल्द हल्केराम झारिया. लिखो.” मी लिहिलं.